खुंटीवरचा स्पंज

सोलापूर, मंगळवार, १२ जानेवारी १९३२

चौथ्या बाळंतपणात मी जेमतेम वाचले. पाचवं झालं तर जगणार नाहीस, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलंय. उपायही त्यांनीच सांगितला. समुद्रातला स्पंज, मऊ, बारीक छिद्रांचा, दोरा बांधून आत ठेवायचा, म्हणजे दिवस राहत नाहीत. औषधांच्या दुकानात मी चार दाबून पाहिले आणि वाळूचा कणही नसलेला निवडला. यांना सांगितलेलं नाही.

आज तो वाळत घातलेला सासूबाईंना सापडला.

"हे गं काय?"

"बाळाचं अंग पुसायला."

"मग दोरा कशाला बांधलायस?"

तो दोरा! "खुंटीला अडकवायला," म्हटलं. त्यांनी दोरा बोटाला गुंडाळून पाहिला आणि स्पंज न्हाणीच्या खुंटीला टांगला, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर.

हे आज कुर्डुवाडीहून येतील. स्पंज काढला तर सासूबाईंना कळेल. नाही काढला तर माझ्या पोरांकडे उद्या कोण बघेल?

आत्ताच उठले आणि काढून आणला. सासूबाई समोरच वाती वळत बसल्या होत्या. त्यांनी पाहिलं आणि मान खाली घातली. पुन्हा वाती वळू लागल्या. यांच्याजवळ बोलतील का?