आमचे इंटरनेट मुखरूच्या बसने येते

एटापल्ली,
ऑगस्ट २००२

चिरंजीव कुलदीप यास देवाजीमामाचा जय भीम, आणि संस्कृतात बसतील तेवढे सगळे आशीर्वाद.

पुण्याच्या पाण्याने तुझी प्रकृती सुधारली असेल. बुद्धी सुधारल्याचे मात्र चिन्ह दिसत नाही. कारण बुद्धी शाबूत असलेला भाचा मामाकडे पाहुणे धाडताना ते कशासाठी येत आहेत हेही कळवतो. तू एवढेच लिहिलेस की आमचे साहेब इंटरनेटच्या इतिहासावर माहितीपट करत आहेत, चित्रीकरणाला येतील, तुमच्याकडे उतरतील. मी हुरळलो. (तुझ्या मामीने भर पावसाळ्यात भिंतींना चुना मारला, तो आता साहेबांच्या शर्टावर पुण्यात पोचला असेल.) वाटले, चला, इतिहासात एटापल्लीचे एक प्रकरण झाले. तसे ते झालेच, पण 'जिथे इंटरनेट पोचले नाही' या मथळ्याखाली. साहेबांना माहितीपटाच्या शेवटी अंधार हवा होता आणि नकाशावर बोट ठेवून त्यांनी तो आमच्यावर पाडला होता.

मी नम्रपणे सांगितले की पोचले आहे. दर शुक्रवारी दुपारच्या बसने येते.

आता तुलाही ठाऊक नसेल म्हणून सांगतो. बसस्टँडवर अल्ताफचे फोनचे दुकान आहे आणि त्याची बहीण रुबीना चंद्रपूरला सायबर कॅफे चालवते. अख्ख्या एटापल्लीचा मिळून ई-मेलचा पत्ता एक. त्यावर जे येईल ते रुबीना कागदावर छापते आणि कंडक्टर मुखरूच्या हाती देते. मुखरू ते तिकिटांच्या पेटीत घालून आणतो आणि अल्ताफच्या दुकानापुढे मी ते मोठ्याने वाचतो. (खाजगीपणाची काळजी तुम्हा शहरवासीयांना. इथे बातमी सर्वांना आधीच ठाऊक असते, ई-मेल फक्त दुजोरा देतो.) उत्तरे त्याच बसने परत जातात.

साहेब हसले. म्हणाले, "मास्तर, याला टपाल म्हणतात." अल्ताफला ते लागले. "टपाल पोस्टातून येते, साहेब. हे कम्प्युटरातून येऊन राह्यलं. शेवटी शेवटी बसमंदी बसते, इतकंच."

वाद पेटला की आधी व्याख्या मागावी, असे मला न्यायशास्त्र शिकवणारे नागपूरचे शास्त्रीबुवा सांगत. मी मागितली. साहेबांनी कॅमेऱ्यापुढे उभे राहून ती दिली, आणि चांगली दिली, हे शत्रूचेही मान्य केले पाहिजे. निरोपाचे तुकडे होतात, प्रत्येक तुकडा मिळेल त्या वाटेने निघतो, एक वाट तुटली तर दुसरी धरतो, आणि मुक्कामी सगळे तुकडे पुन्हा जुळवले जातात. बसस्टँड मान हलवत होता. मुखरू म्हणाला, "मंग आमचं काय चालू आहे?"

खरेच होते ते. गेल्या महिन्यात आलापल्लीकडचा नाला चढला, तेव्हा मोहा वेचणाऱ्या बुधरीच्या पोरीचा, सीतेचा, ई-मेल असाच आला. दुसरे पान बसने, पहिले पान दोन दिवसांनी जंगलखात्याच्या जीपने. आम्ही जुळवून वाचला. (तिसरे पान खताच्या ट्रकवर होते. ते अजून आलेले नाही आणि बुधरी मुखरूला त्याबद्दल रोज विचारते.) व्याख्या तंतोतंत लागू पडली. तरीही साहेब म्हणाले, हे धरता येणार नाही. का, ते सांगता आले नाही. व्याख्येतले लक्षण लागू पडते पण ज्याला ते लागू पडते ते लक्ष्य पसंत नाही, हा दोष आमच्या न्यायशास्त्रात नव्हता. तो पुण्याहून आला.

मग त्यांनी मोहाच्या झाडाखाली टेबल टाकून त्यावर बरोबर आणलेला संगणक मांडला आणि बुधरीला पुढे बसवले. हेतू असा की आदिवासी म्हातारीने यंत्राला हात लावावा आणि दचकावे. बुधरीने हात लावला. दचकली नाही. साहेब म्हणाले, "बाई, थोडं घाबरून दाखवा." ती म्हणाली, "मोहा वेचतांनी अस्वल येते, त्याले भेतो मी. ह्या डब्याले काऊन भेऊ? यात माया सीतेचा निरोप आला का? नाई? मंग मले कायले बसवलं?"

साहेबांनी तरी कॅमेरा चालू ठेवला.  मग बुधरी कॅमेऱ्याच्या काचेकडे पाहून आपल्या माडिया बोलीत बोलू लागली, हात उडवत, डोळे पुसत, पुष्कळ वेळ. साहेब हरखले. "मास्तर, काय म्हणतायत?" मी म्हणालो, भावना अनावर झाल्या आहेत. ते म्हणाले, हेच हवे होते. दुसऱ्या दिवशी सुमोत बसून गेले.

तर कुलदीप, तुझ्या साहेबांना माझा रोखठोक निरोप दे. आम्ही मागासलेले असू. रस्ता नाही, वीज लहरी आहे, डॉक्टर पाहुण्यासारखा येतो. हे सारे दाखवा, वरून मी माहिती पुरवतो. पण जे आम्ही स्वतःच्या अकलेने उभे केले ते 'नाही' म्हणून दाखवणार असाल, तर एटापल्लीचे एक झाडही दाखवू नका. आमचे सगळे चित्रीकरण कापून टाका. अंधार हवा असेल तर कॅमेऱ्यावर झाकण ठेवा, हवा तेवढा मिळेल.

तुझा,
देवाजीमामा

ता. क. हे पत्र मुखरूच्या हाती देतो आहे, रुबीना टाइप करील. शेवट आधी मिळाल्यास सुरुवातीची वाट पाहावी.

आणखी ता. क. वर 'कापून टाका' म्हटले, त्यात बुधरीचा तुकडा धरू नकोस. त्यातला एक शब्दही कापू नकोस. पोरीला तिचे निरोप आजवर मीच लिहीत आलो, आणि ती मला नेहमी म्हणते, "मास्तर, तुमी माया शिव्याचे आशीर्वाद करून धाडता." ते खरे आहे. या वेळी मात्र तिने मला मध्ये घेतले नाही. साहेबांना ती भीती वाटली. तो सीतेला धाडलेला निरोप आहे, तिच्या बोलीत, तिच्या तोंडाने. सीता पुण्यातच नर्सिंग शिकते. अल्ताफ पत्ता खाली लिहितो आहे. तिला तुमच्या त्या चित्रफिती कापायच्या खोलीत नेऊन बसव, तुकडा लाव आणि तू बाहेर थांब.

बुधरी आत्ता दुकानापुढेच उभी आहे. विचारते, "पोचलं का?" मी सांगितले, भाच्यापर्यंत पोचले आहे, पुढची बस त्याची.