श्वास घेणारं जॅकेट

३ जानेवारी, सोमवार. सकाळी ६.१०
नवी वही, नवा माणूस. ही कोणी वाचायची नाही. (ही म्हणजे वही. आमच्या हिने तर मुळीच वाचायची नाही.)
संकल्प एकच. ३० तारखेला, रविवारी, लेकीबरोबर डोंगर चढून खिंडीपर्यंत जायचं. अर्ध्यापर्यंत नाही, वरपर्यंत.
मागच्या वर्षी अर्ध्यातून परत फिरलो, त्याला कारण तो कोट. जाड, बंद गळ्याचा. आत घाम, घामाने गारठा, गारठ्याने दम. सरळ गणित आहे.  उतरताना माझी पिशवी लेकीने खांद्यावर घेतली, आणि त्यानंतर वर्षभर ‘बाबा, चला’ म्हणाली नाही. परवा म्हणाली. फेब्रुवारीत ती लांबच्या डोंगरात बचाव पथकाच्या नोकरीवर जाणार, दोन वर्षांसाठी. म्हणजे ही एकच संधी. या वेळी कपड्यात चूक नको.

५ जानेवारी
लेकीने थरांचं शास्त्र समजावलं. अंगाला चिकटून बेस लेयर, तो घाम ओढून घेतो. सगळ्यात वर शेल, तो वारा-पाऊस अडवतो. मधला तो मिड लेयर. त्याने ऊब धरायची आणि घामाची वाफ बाहेर सोडायची, म्हणजे चढताना सारखी काढ-घाल नको. अशा कापडाला ब्रीदेबल म्हणतात.
मी म्हटलं, म्हणजे श्वास घेणारं. ती म्हणाली, तसंच समजा.
तिला सांगितलं, बाई गं, सव्वीस वर्षं रजयांच्या कारखान्यात फिलिंग सेक्शनचा चेकर आहे मी. मला ऊब शिकवतेस? हे म्हणजे आईपुढे आजोळच्या गोष्टी.
तिच्या ट्रेकिंग क्लबचा एक फॉर्मही दिला. डॉक्टरची सही हवी, २४ तारखेच्या आत. चिल्लर काम. वहीत ठेवला आहे.

८ जानेवारी, शनिवार
डोंगरी सामानाच्या दुकानात गेलो. काउंटरवरच्या बाईने विचारलं, चढताना घालणार की थांबल्यावर? मी म्हटलं, चढताना. मग पिसांचं नको म्हणाली. घामाने ओली झाली की पिसांच्या गुठळ्या होतात आणि ऊब जाते. कृत्रिम धाग्याचं पातळ फिलिंग बघा, नाहीतर आतून चौकडीचं फ्लीस, लोकरीसारखं मऊ. बाई बोलते बरं, पण अनुभव नाही. फिलिंग तोलायला वजनाचा काटा तरी कुठे होता दुकानात?
जॅकेट नंबर १ आणलं, करड्या रंगाचं. टॅग काढला नाही तर परत घेतात.
चाचणी मात्र आपली, कारखान्याची. वीतभर अंतरावर पेटती मेणबत्ती. कापड तोंडाशी. ओठ आवळायचे नाहीत, तोंड उघडं ठेवून फुंकर मारायची. ज्योत विझली तर कापड हवा सोडतं. रजईच्या खोळीला ते चालत नाही, कापूस बाहेर येतो, म्हणून नापास. मिड लेयरचं उलट. विझली तर पास.
फुंकर मारली. ज्योत हललीसुद्धा नाही. परत मारली. खोकला आला.
नंबर १ रिजेक्ट.

११ जानेवारी
कारखाना. लिफ्ट बंदच आहे. जिन्याच्या प्रत्येक वळणावर नोटीस बोर्ड आहे, तो मी वाचतो. कामगाराने माहिती ठेवावी. चारही बोर्डांवर एकच नोटीस आहे, तीही गेल्या जूनची. आता पाठ झाली.
टाके विभागातल्या काकू वरच्या पायरीवर भेटल्या. म्हणाल्या, तुमचा खोकला माझ्या मशीनच्या वर ऐकू येतो, मास्क का लावत नाही? मी म्हटलं, मास्क नव्या भरतीसाठी. माझ्या नाकाला तुसाची सवय आहे. सव्वीस वर्षं कापूस आणि पॉलिस्टर उडतंय, त्याने काही झालं असतं तर आधीच नसतं झालं?
काकूंनी स्वतःचा मास्क नीट केला आणि निघून गेल्या. पटलं असणार.

१५ जानेवारी, शनिवार
नंबर १ परत केलं. नंबर २ आणि ३ आणली. नंबर २, काखेत जाळी. विझली नाही. नंबर ३, पाठीला चौकडी. विझली नाही. दोन्ही घेऊन संध्याकाळी पुन्हा दुकानात.
बाई म्हणाली, काका, नंबर ३ आमच्याकडे सगळ्यात जास्त हवा सोडतं, वाऱ्यात गार लागतं म्हणून लोक परत आणतात. मी म्हटलं, चाचणी झाली आहे. तिने जॅकेट तोंडाला लावलं आणि काउंटरवर पडलेल्या चिठ्ठीवर फुंकलं. चिठ्ठी उडून थेट बुटांच्या रॅकखाली.
ती रोज सराव करत असणार. गिऱ्हाईक वेडं वाटतं या लोकांना.
तरी नंबर ३ ठेवून घेतलं, आणि तुलनेसाठी नंबर ४ घेतलं. निळं. फार हलकं. हातात घेतलं तर आहे की नाही कळत नाही.

१८ जानेवारी
सरावाचा कार्यक्रम ठरवला. रोज घरचा जिना, चार मजले, चार वेळा.
आज एक वेळा. चारपैकी दीड मजला. पहिल्या दिवशी शरीर तापवायचं असतं, ताणायचं नसतं. पायरीवर बसलो होतो, तेवढ्यात समोरचे शेजारी आले. बरं आहे ना, म्हणाले. म्हटलं, बुटाची लेस बांधतोय.
मी चपलेत होतो.

२० जानेवारी
झोपताना तीन उशा लागतात हल्ली. दोनवर पडलं की छातीवर कुणीतरी बसल्यासारखं होतं. उशांचा दर्जा घसरला आहे. आमच्याच कारखान्याच्या, काय बोलणार? दाताखाली आपलीच जीभ.
ही म्हणाली, उद्या डॉक्टरकडे जाऊन या. मी म्हटलं, जॅकेट एकदा ठरू दे. ती म्हणाली, जॅकेटचा काय संबंध? बायकांना क्रम कळत नाही.

२१ जानेवारी
लेकीने फॉर्म मागितला. सांगितलं, डॉक्टर गावाला गेलेत. ती म्हणाली, काल मी स्वतः त्यांच्याकडून गुडघ्याची पट्टी घेऊन आले. मग मी म्हटलं, आज गेले असतील.
ती समोर बसली. म्हणाली, बाबा, सही नसेल तर मी तुम्हाला नेणार नाही. आवाज चढवला असता तर मीही चढवला असता. हळू बोलली. त्याचंच वाईट वाटलं. मी इतकंच म्हटलं की माझ्या माणसांनी माझ्यावर भरवसा ठेवायला हवा. ती उठून आत गेली.
आमचे दादा, म्हणजे माझे वडील, आयुष्यात एकदाच डॉक्टरकडे गेले. चालत गेले, आणि परत आले ते चौघांच्या खांद्यावर. त्या डॉक्टरने काय केलं माहीत नाही. न जाते तर राहिले असते, असं आई शेवटपर्यंत म्हणायची.
मला भीती वाटते. (हे पान फाडायचं.)

२३ जानेवारी, रविवार. दुपारी १२
आज अंतिम चाचणी. जेवणाचं टेबल रिकामं केलं. मेणबत्ती, पट्टी, नंबर ३, नंबर ४. खिडक्या बंद.
दुपारी ४
लिहायचं की नाही, ठरत नव्हतं. लिहितो.
नंबर ३ नापास. नंबर ४ तोंडाला लावलं, तेवढ्यात लेक आली. हे काय चाललंय, म्हणाली. मी पद्धत समजावली. एकही जॅकेट श्वास घेत नाही, बाजारात सगळी फसवणूक आहे, असंही सांगितलं. ती लक्ष देऊन ऐकत होती. मला वाटलं, पटतंय.
तिने माझ्या हातातून नंबर ४ घेतलं. तोंड उघडं ठेवलं, वीतभर अंतर, सगळं नियमाप्रमाणे. फुंकलं. विझली. परत पेटवून नंबर ३ लावलं. विझली.
हसेल असं वाटलं. हसली नाही. तिसऱ्यांदा मेणबत्ती पेटवली, दोन्ही जॅकेटं खुर्चीवर ठेवली आणि मेणबत्ती माझ्यापुढे सरकवली. म्हणाली, आता नुसतीच विझवा. कापडाशिवाय.
मी म्हटलं, ही कसली चाचणी?
खरं तर ही पहिली चाचणी. कोरी फुंकर म्हणतात आमच्याकडे. कापड लावायच्या आधी चेकरने एकदा नुसतं फुंकून बघायचं, म्हणजे दोष चेकरचा की मालाचा ते कळतं. फिलिंगला आलेल्या प्रत्येक माणसाला मीच शिकवली आहे. या वेळी चारही जॅकेटांना मी ती केली नव्हती. का केली नव्हती, ते मला ठाऊक आहे.
तोंड उघडलं. फुंकलं. ज्योत जराशी वाकली आणि सरळ झाली. परत फुंकलं. तिसऱ्यांदा टेबलाची कड धरून फुंकलं. ज्योत तशीच. मला एकाच्या दोन खुर्च्या दिसायला लागल्या.
ही दारात उभी होती, हातात ओला टॉवेल. त्याचं पाणी फरशीवर ठिबकत होतं, तिचं लक्ष नव्हतं.
लेकीने दोन बोटांत वात धरून विझवली.  मी म्हटलं, मेणबत्ती चांगल्या क्वालिटीची आहे.
तेव्हा लेक रडली.

२४ जानेवारी, सोमवार
गेलो. दोघी दोन बाजूंना, मधे मी. नंबर ४ घालून गेलो होतो, म्हटलं डॉक्टरला दिसावं की माणूस तयारीचा आहे. तपासणाऱ्या बाईने पहिलंच सांगितलं, जॅकेट काढा.
मशीनच्या नळीत फुंकायचं असतं. बाई ओरडते, फुंका, फुंका, फुंका, अजून, अजून, अजून! मी म्हटलं, झालं. ती म्हणाली, आत्ता तर सुरू झालं. पडद्यावर एक रेघ टेकडीसारखी चढायला हवी होती. माझी उंबऱ्याएवढी चढली आणि आडवी झाली.
डॉक्टरांनी विचारलं, काम काय? सांगितलं. मास्क? मी छताकडे पाहिलं. हिने उत्तर दिलं.
सव्वीस वर्षांचं तूस छातीत आहे म्हणाले. गेलेलं परत येणार नाही. राहिलेलं सांभाळता येईल. फिलिंग सेक्शन आजपासून बंद, श्वासाचा पंप रोज दोनदा. मी खिंडीचं विचारलं. त्यांनी फॉर्म ओढला, ‘अनफिट’पुढे खूण केली, सही केली, वर शिक्का मारला. शिक्का जरा तिरका आला. माझा कधी तिरका येत नाही.
आयुष्यभर रिजेक्टचे शिक्के मी मारले, समोरच्या बाजूला कधी बसलो नव्हतो. पण घरी आलो. चालत गेलो आणि चालत आलो. हे आईला सांगायला हवं होतं.
जिना चढताना लेकीने पिशवीसाठी हात पुढे केला. या वेळी मीच दिली. नोटीस बोर्ड नसताना तीनदा थांबलो.

२७ जानेवारी
आता स्टोअरमध्ये बसतो. काकूंनी मास्कांचा अख्खा डबा आणून टेबलावर ठेवला.  मी लावला.
लेक म्हणाली, नोकरी वर्षभर पुढे ढकलते. मी तिला चांगला दम दिला. म्हटलं, खबरदार. दम द्यायला दम लागत नाही, एवढं बरं.
खोटं. लागला. वाक्य तीन तुकड्यांत म्हणावं लागलं. पण ती जाते आहे.

३० जानेवारी, रविवार. सकाळी १०.४०
पहाटे तिला नंबर ४ दिलं. माझ्या मापाचं, बाह्या दोनदा दुमडाव्या लागल्या. टॅग मी स्वतः कापला. आता ते परत करता येणार नाही.
खिडकीशी बसलो आहे. पंप घेतला. उशा तीनच.
आत्ता खिंडीतून फोन आला. मागे वारा, त्यात तिचा आवाज, धापा टाकत हसत होती. बाबा, भारी आहे हे! अख्ख्या चढात एकदा काढावं लागलं नाही. आत कोरडं ठक्क. श्वास घेतं हो!
ही माझ्याकडे बघत होती.
मी म्हटलं, मी पहिल्यापासून सांगत होतो. दोष जॅकेटात नव्हताच.