छप्पन्न अंश, तीस मिनिटे आणि एक पातळ फळी

मी, या दस्तऐवजाच्या अखेरीस सही करणारा, लाकडी पॅलेटांना उष्णोपचार देणाऱ्या भट्टीचा मालक, वय वर्षे छप्पन्न, असे लिहून ठेवतो की, हे लिहिताना माझी बुद्धी स्थिर आहे, स्मरण शाबूत आहे आणि माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. (धर्मपत्नीने यापैकी पहिल्या विधानावर आक्षेप नोंदवला. तिसऱ्या विधानावर ती नुसती हसली.) गेल्या वर्षी माझ्या हृदयाच्या वाहिन्यांत दोन जाळ्या बसवण्यात आल्या. घरी सोडताना डॉक्टर म्हणाले, "कागदपत्रं आवरून ठेवा, तशी काही घाई नाही." 'घाई नाही' हे शब्द ज्याने आयुष्यभर केवळ घाईच्याच प्रसंगी ऐकले, त्याला एवढी सूचना पर्याप्त होती. यापूर्वी मी कोणतेही मृत्युपत्र केलेले नाही. तसे कोणी दाखवल्यास ते बनावट समजावे, आणि त्यात मी कोणाला उदारहस्ते काही दिलेले आढळल्यास तर निःसंशय बनावट समजावे.

कलम पहिले. आपण नेमके कशाचे वारस होत आहोत, हे वारसांस कळावे म्हणून व्यवसायाचे स्वरूप येथे नमूद करतो. परदेशी जाणाऱ्या प्रत्येक यंत्राखाली, औषधांच्या प्रत्येक खोक्याखाली लाकडाचा एक चौथरा असतो, तो पॅलेट. मालाची वाखाणणी सर्वत्र होते. पॅलेटचे नाव कोणी घेत नाही. परंतु कच्च्या लाकडात भुंग्याची अळी निद्रिस्त असते, आणि ती परक्या भूमीवर जागी झाली तर तिथली अरण्ये पोखरून काढते. यास्तव आंतरराष्ट्रीय नियम असा आहे की, लाकडाची साल काढलेली असावी आणि त्याचा गाभा (पृष्ठभाग नव्हे, गाभा) सलग तीस मिनिटे किमान छप्पन्न अंशांवर राहावा. त्यानंतरच त्यावर गव्हाच्या कणसाचा शिक्का उमटवता येतो. शिक्क्यात उपचार करणाऱ्याचा क्रमांक असतो. म्हणजे जगाच्या पाठीवर कुठेही अळी वळवळली तरी आमचा पत्ता सापडतो. माझे वय आणि हा अंश यंदा जुळून आले आहेत. यावरून मी कोणताही निष्कर्ष काढीत नाही.

कलम दुसरे. राहते घर, त्यातील सामानसुमानासह, धर्मपत्नीस. ते आजवरही तिचेच होते. मी तेथे तिच्या अनुज्ञेने राहत आलो. स्वयंपाकघरातील जे फडताळ मी स्वहस्ते केले व ज्याचे दार बावीस वर्षे आपोआप उघडते, ते दुरुस्त करू नये. ती म्हणते, "त्या दाराच्या आवाजावरून कळतं, तुम्ही चोरून काय खाताय ते." माझ्या पश्चात ते दार उघडले, तर तो केवळ उतार समजावा.

कलम तिसरे. भट्टी आणि आवार, शिवाय हत्यारांपैकी लाकडातील ओलावा मोजण्याचे यंत्र, दोन्ही करवती आणि मापपट्ट्यांचा संच कन्येस. गेली चार वर्षे आवार तीच सांभाळते, आणि माझ्याहून उत्तम सांभाळते. हे मी तिला कधी बोललो नाही. आता सरकारदरबारी नोंदणी होत असल्याने बोलण्याची आवश्यकता उरली नाही.

माझा जुना रंधा मी आमच्या सुतारास देणार होतो. कोणतेही माप विचारले की तो 'अर्धा इंच इकडेतिकडे' असे उत्तर देतो, म्हणून गेली वीस वर्षे त्याचे नावच 'अर्धा इंच' पडले आहे. तो या पत्राचा पहिला साक्षीदार आहे. मसुदा तपासणाऱ्या वकीलबाईंनी नकारार्थी मान हलवली.

"साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही घेता येत नाही. घेतो म्हणाला तर त्याच्यापुरती देणगी रद्द."

"असं आहे होय," अर्धा इंच म्हणाला. "मग आजच घेऊन जातो."

आणि घेऊन गेला. सबब हे कलम तेवढ्यापुरते निरर्थक झाले आहे. परंतु त्यात सांगितलेला नियम पुढे उपयोगी पडणार आहे, म्हणून खोडत नाही.

कलम चौथे. ज्या मालवाहतूकदाराने अकरा वर्षांपूर्वीच्या एका मंगळवारी आमच्या फाटकात तीन तास ट्रक उभा केला, त्याच्याविषयी मी अकरा वर्षे मनात रोष बाळगला. तो रोष मी या कलमान्वये विनाअट परत घेतो. तो चुकीच्या पत्त्यावर पाठवला गेला होता. योग्य पत्ता पुढील कलमात आहे.

कलम पाचवे. हे कलम लिहिण्यासाठीच उर्वरित कलमे लिहिली आहेत.

त्या मंगळवारी भट्टीत दोनशे चाळीस पॅलेट रचलेले होते. परवानाधारक भट्टीचालक माझा धाकटा भाऊ होता. त्याची पद्धत अशी, की भट्टीतली सर्वांत थंड जागा शोधायची, तिथल्या पॅलेटचा सर्वांत जाड ठोकळा निवडायचा, गाभ्यापर्यंत भोक पाडून त्यात तापमान मोजणाऱ्या सेन्सरची सळई बसवायची, आणि नोंदवहीत जागा लिहून सही करायची. त्या काळी आमच्याकडे सळई एकच होती. भोक पाडलेला पॅलेट गिऱ्हाइकाला कदापि द्यायचा नाही, तो आवारात बसायला ठेवायचा, हा आमचा घरचा दंडक होता. आमच्या आवारातली सगळी आसने अशी सच्छिद्र आहेत.

भाऊ सळई बसवून, सही करून, जेवायला घरी गेला. लाकूड ओले होते. गाभा एकोणपन्नास अंशांवर जो बसला, तो उठेना. मालवाहतूकदार दर दहा मिनिटांनी डोकावत होता.

"शेठ, बंदराचं फाटक सहाला बंद होतं. बोट काय आपल्यासाठी थांबणार नाही."

"मला काय सांगतोस? लाकडाला सांग."

"लाकूड तुमचं ऐकतं म्हणतात."

एवढी स्तुती मला पुरली. मी भट्टीचे दार उघडले, ठोकळ्यातली सळई उपसली, शेजारच्या पॅलेटच्या एका पातळ फळीत भोक पाडले आणि सळई तीत खुपसली. पातळ फळी दहा मिनिटांत छप्पन्नला पोचली. यंत्राने तिथून पुढे तीस मिनिटे इमानाने मोजली. यंत्र खोटे बोलले नाही; त्याला प्रश्नच खोटा विचारला गेला होता. नंतर मी सळई पूर्ववत ठोकळ्यात बसवली आणि भाऊ जेवून येण्यापूर्वी सगळे शिक्के स्वहस्ते मारले. फळीला भोक पडलेला तो पॅलेट मात्र मी बाजूला काढून आवारात ठेवला. भोक पडलेला माल जात नाही, हा दंडक मी फसवणूक करतानाही मोडला नाही. माझ्या सचोटीचा हा एकमेव पुरावा असून तोच माझ्या विरुद्धचाही एकमेव पुरावा होता.

सहा आठवड्यांनी परक्या बंदरात पॅलेटखाली ताजा भुसा सापडला आणि भुशामागे अळी, जिवंत. सगळा माल परत पाठवला गेला. आमच्याकडे निरीक्षक आले. त्यांनी नोंदवही उघडली आणि भावाला विचारले, "सळई कुठे होती?"

"ठोकळ्यात. मधली रांग, खालून दुसरा पॅलेट."

"मग अळी जगली कशी?"

भावाने माझ्याकडे पाहिले. मी छताकडे पाहिले. आमचे छत पत्र्याचे आहे. त्यात पाहण्यासारखे काहीही नाही. तरी मी ते बराच वेळ पाहिले.

नोंद खोटी केल्याबद्दल भावाचा परवाना कायमचा रद्द झाला. भट्टीला ताकीद मिळाली आणि क्रमांक शाबूत राहिला. त्या संध्याकाळी मी त्याला म्हणालो, "थोडे दिवस जाऊ दे. काहीतरी बघू." तो आवारातल्या आसनांपाशी ठेवलेली हत्यारांची पिशवी उचलायला खाली वाकला, जरा वेळ तसाच वाकलेला राहिला, मग सरळ झाला आणि म्हणाला, "बरंय, साहेब."

जन्मल्यापासून तो मला 'दादा' म्हणत आला होता. त्यानंतर त्याने मला काहीच म्हटलेले नाही. तेव्हापासून तो भाजीच्या पेट्या करतो. त्याच्या हातचे लाकूड देशाची सीमा ओलांडत नाही. त्याच्याइतका काटेकोर भट्टीचालक मी नंतर पाहिला नाही, आणि नंतर आलेल्या प्रत्येकाला मी 'माझा भाऊ कसा सळई बसवायचा' हेच शिकवत आलो, हेही येथे नोंदवतो.

निरीक्षक गेल्यानंतर दोन दिवसांनी मी ती फळी जाळून टाकण्यास आवारात गेलो. पॅलेट जागेवर होता. त्यातली ती एक फळी नव्हती. कोणीतरी शेगडीत घातली असावी, असे मी मानले. मला हायसे वाटले. या संपूर्ण प्रकरणात मला सर्वाधिक लाज त्या हायसे वाटण्याची आहे.

कन्या एकदाच विचारती झाली, "बाबा, काका आपल्याकडे का येत नाहीत?"

मी म्हणालो, "कामात असतो."

ती चौदा वर्षांची होती. चौदाव्या वर्षी माणसाला सगळे कळते. तिने पुन्हा विचारले नाही.

कलम सहावे. पाचव्या कलमातील सर्व मजकूर मी स्वतंत्र पत्रात लिहून लखोट्यात बंद केला आहे. माझ्या मृत्यूनंतर तो कन्येने शिक्क्याचे क्रमांक देणाऱ्या कार्यालयात सादर करावा, भावाच्या नावावरील ठपका काढून टाकण्याची मागणी करावी आणि त्याचा परवाना त्यास परत मिळावा, याचा पाठपुरावा करावा. परिणामी भट्टीचा क्रमांक जाण्याचा संभव आहे. कन्येस मी हे सांगितले आहे. ती एवढेच म्हणाली, "पुन्हा अर्ज करू. आधी तीन सळया घेऊ."

शिक्का मी भावास देऊ इच्छित होतो. वकीलबाईंनी पुन्हा मान हलवली. "तो तुमचा नाहीच. क्रमांक भट्टीला दिलेला असतो, माणसाला नाही. वारशात कसा देणार?" सबब शिक्का कार्यालयात जमा करावा.

आमच्या धंद्यात एक नियम आहे. जुन्या पॅलेटच्या एक तृतीयांशाहून अधिक फळ्या बदलल्या तर त्यावरचे सगळे शिक्के खोडून त्याला पुन्हा भट्टीत घालावे लागते. माझ्या वाहिन्यांत जाळ्या बसल्या, दात बदलले, चष्मा तीनदा बदलला. जुना शिक्का तेवढा मी तसाच मिरवत राहिलो.

कलम सातवे. धाकट्या भावास मी काहीही देत नाही.

यावर धर्मपत्नी दोन दिवस माझ्याशी बोलली नाही, म्हणून खुलासा करतो. पहिल्या मसुद्यात अर्धे आवार त्याच्या नावे होते. ते मी भावजयीकरवी कळवले. तिने दारातच उत्तर दिले, "त्यांना काही नको म्हणतात. आणि भावजी, खरं सांगू का, मलाही नको. चहा घेणार?" चहा घेतला. तो आत होता. रंध्याचा आवाज येत होता. मी कप ठेवेपर्यंत तो आवाज थांबला नाही.

परत येताना मला कलम तिसऱ्यातला नियम आठवला. ज्याला काहीच मिळणार नाही, असाच माणूस साक्षीदार होऊ शकतो. आणि ज्याला काहीच नको, असा माणूस मला एकच ठाऊक आहे. शिवाय त्या नोंदवहीपासून तो न वाचता कशावरही सही करत नाही. भावजय सांगते, पार्सलवाल्याच्या कागदावरही नाही, पार्सलवाला ताटकळत उभा असतो. तेव्हा त्याने साक्ष द्यायची, तर कलम पाचवे त्यास वाचावे लागेल. समोर बसून ते सांगण्याचे धैर्य मला अकरा वर्षांत झाले नाही. म्हणून मी त्याला मृत्युपत्रास बोलावले आहे. हा डाव आहे, हे मला मान्य आहे. येईल की नाही, हे लिहितेवेळी ठाऊक नाही. न आल्यास दुसरी साक्ष वकीलबाईंच्या कारकुनाने द्यावी, आणि हे कलम कोणी मोठ्याने वाचू नये.

येणेप्रमाणे सात कलमांचे हे पत्र मी वाचून, समजून, कोणत्याही नशेविना व थोड्याशा भीतीने, दोन्ही साक्षीदारांसमक्ष सही करून पुरे करीत आहे.

स्थळ: भट्टीच्या दारासमोरील मोकळी जागा, सच्छिद्र आसनांवर.
दिनांक: ९ जानेवारी २०२६, शुक्रवार, दुपारी सव्वातीन.

मृत्युपत्र करणारा: भट्टीचा मालक (सही)

साक्षीदार पहिला: सुतार, ऊर्फ अर्धा इंच (सही; रेघेच्या जरा खाली)

साक्षीदार दुसरा: मृत्युपत्र करणाऱ्याचा धाकटा भाऊ, भाजीच्या पेट्या करणारा (सही, सहीच्या वर, त्याच्याच अक्षरात, पुढील मजकूर)

सगळं वाचलं. पाचव्या कलमात एक चूक आहे. फळी शेगडीत गेली नाही. त्या संध्याकाळी पिशवी उचलायला वाकलो तेव्हा पातळ फळीत भोक दिसलं. मी फळीला कधी भोक पाडलं नाही. दुसऱ्या दिवशी पहाऱ्यावाल्याकडून फळी मागून घेतली. माझ्या माळ्यावर आहे. तू कधी सांगतोस याची वाट बघत होतो. पत्र मेल्यावर नको, दादा. ऑफिस साडेदहाला उघडतं. सोमवारी फळी घेऊन फाटकाशी उभा राहतो.