सासूबाई रोज माहेरी जातात

सांगली,
ता. १२ डिसेंबर १९४५

ती. अनसूयावन्संना उमाचा शिरसाष्टांग नमस्कार.

इकडे सर्व क्षेम, असं लिहून मोकळी झाले असते, पण तुमच्या पत्रानंतर ते तुम्हाला पटणार नाही. ‘सासूला गाठोड्यासकट टांग्यात घालून घराबाहेर काढतेस, तेही रोज!’ असं तुम्ही लिहिलंत. शेजारच्या भामाबाई मुलीकडे तुमच्या साताऱ्याला निघाल्या तेव्हाच मला धास्ती वाटली होती. वन्सं, बातमी खरी आहे. गाठोडं मीच बांधते, टांगाही मीच बोलावते. फक्त तो टांगा परत येतो, हे सांगायला भामाबाई विसरल्या. विसरण्याचा मक्ता एकट्या सासूबाईंनी घेतलाय असं मला वाटत होतं.

मिरजेचे डॉक्टर काय म्हणाले ते तुमच्या बंधूंनी कळवलंच आहे: मेंदू झिजत चालला आहे, औषध नाही, त्यांच्या कलाने घ्या. पुढचं मात्र त्यांनी कळवलं नसणार. ‘सांभाळतं कोण?’ असं डॉक्टरांनी विचारलं. यांनी माझ्याकडे बोट दाखवलं. ‘मग यांनाही अधूनमधून सुट्टी द्या,’ डॉक्टर म्हणाले. येताना यांनी मला स्टेशनवर संत्री घेऊन दिली आणि तो विषय तिथेच संपला.

कलाने घ्यायचं म्हणजे काय, ते दिवाळीनंतर कळलं. दुपारचा चहा झाला की सासूबाई लुगडं गाठोड्यात बांधून दारात उभ्या. ‘मला घरी जायचंय, वाईला.’ यांनी आधी पुरावे दिले. ‘आई, ही सांगली. हे आपलंच घर. हे बघ रेशनकार्ड, यावर तुझं नाव आहे.’ त्यांनी कार्ड उलटंसुलटं पाहिलं आणि म्हणाल्या, ‘नाव आहे ना? मग वाईच्या दुकानात दाखव आणि माझी साखर आण.’ हे चपला अडकवून निघून गेले, ते रात्री जेवायलाच उगवले.

एक दिवस माझी पाठ वळली तेवढ्यात त्या कोपऱ्यापर्यंत पोचल्याही. जोतीराम टांगेवाल्याने ओळखलं, वर बसवलं आणि घाटावरून फेरी मारून आणलं. समोर कृष्णा, काठाशी गणपतीचं देऊळ. वाईलाही तेच, इथेही तेच. ‘आवं आजी, वाई आली बगा!’ असं जोतीराम म्हणाला, आणि वाई आली. टांगा आपल्या दारात थांबला. मला काय सुचलं कोण जाणे, मी पायांवर पाणी घातलं, भाकरतुकडा ओवाळून टाकला. सासूबाईंनी माझ्याकडे निरखून पाहिलं आणि म्हणाल्या, ‘आवडावहिनी, किती वाळलीस गं!’

आवडावहिनी म्हणजे तुमच्या वाईच्या मामी, त्यांना जाऊनही कितीतरी वर्षं झाली. पण वन्सं, या घरात लग्न होऊन आल्यापासून मला असं कोणी म्हटलं नव्हतं. मी त्यांच्या गळ्यात पडून हमसून रडले. माहेरवाशीण कोरडी आणि वहिनीच रडतेय, हे बघून जोतीराम पार गांगरला.

तेव्हापासून हा नेमच झाला. घोड्याच्याही इतकं अंगवळणी पडलंय, की परवा त्याने स्टेशनचं गिऱ्हाईक थेट घाटावर नेऊन उभं केलं. ‘वैनी, गिऱ्हाईक वरडतंय, पर ह्यो गडी काय हलंना!’ असं सांगताना जोतीराम स्वतःच लय हसत होता.

माहेरी त्यांचं नाव बनू आणि वय सोळा. सोळाव्या वर्षी त्यांना सून कशी, हे मी विचारलं नाही. पण सून आहे. ‘वहिनी, तुला म्हणून सांगते, तोंडाने गोड आहे, पण आमटीत मीठ घालताना हात आखडतो. शिवाय झोपेत घोरते.’ माझ्याबद्दल एवढी माहिती मला इतक्या वर्षांत मिळाली नव्हती. एकदा मीही संधी साधली. म्हटलं, ‘माझी सासूसुद्धा काही कमी नाही हो, बनूवन्सं!’ तर ताडकन उठल्या. ‘तुझी सासू म्हणजे माझी आई ना? तिला नाव ठेवशील तर याद राख!’ म्हणजे या घरात सासूची तक्रार करायला मला वाईलासुद्धा जागा नाही.

तुमच्या बंधूंना तिथे दादा व्हावं लागतं. ‘दादा, यंदा तरी पास हो,’ असं त्यांना रोज ऐकावं लागतं. मान खाली घालून ‘हो’ म्हणतात बिचारे.

आता जे इतका वेळ टाळलं ते लिहिते. वन्सं, मी थकले आहे. त्या रोज माहेरी जातात आणि मी दोन वर्षांत तासगावचं माहेर पाहिलेलं नाही. परवा टांगा निघाला तेव्हा मला त्यांचा हेवा वाटला. माघात माझ्या धाकट्या भावाचं लग्न आहे. मला जायचं आहे, आणि तुमच्याशिवाय मी कुणाच्या भरवशावर जाणार?

तुम्ही का येत नाही ते मला माहीत आहे. भाद्रपदात आलात तेव्हा त्या तुमच्याकडे टकमक बघत राहिल्या, मुलगी म्हणून ओळखलं नाही. तुम्ही दुसऱ्या दिवशी मुलाच्या परीक्षेचं निमित्त काढून निघालात. भाद्रपदात कसली परीक्षा असते हे मलाही कळतं. पण तुमची गाडी सुटल्यावर काय झालं ते तुम्हाला ठाऊक नाही. त्या उंबऱ्यात बसल्या आणि मला म्हणाल्या, ‘आई रागावून गेली का गं?’

तेव्हा मला त्याचा अर्थ लागला नाही. वाटलं, नेहमीसारखं काहीतरी बोलतायत. आता रोज वाईला पोचल्या की पहिला प्रश्न तोच असतो, ‘आई कुठेय?’ मी सांगते, घाटावर गेलीय, येईलच. दिवेलागणीपर्यंत त्या दाराकडे बघत बसतात. काल म्हणाल्या, ‘इतका वेळ घाटावर? तिला काही झालं तर नाही ना?’ माझ्याकडे आता दुसरी थाप नाही. हे म्हणतात, तुमचा चेहरा थेट वाईच्या आजींचा आहे. पदर खोचायची तऱ्हाही तीच. वन्सं, त्यांनी तुम्हाला ओळखलं नाही असं नाही हो. तुमच्यात आईच ओळखली.

म्हणून या. मला जाब विचारायलाच यायचं असेल तरी या, पण घाटाच्या बाजूने या, पाय ओले करून. त्या ‘आई, एवढा उशीर?’ असं विचारतील. तेव्हा ‘मी तुझी मुलगी’ असं सांगू नका. त्यांना पोटाशी धरा आणि म्हणा, ‘आले गं, बनू.’

आम्ही दोघी उंबऱ्यातच आहोत.

तुमची भावजय,
उमा
(चहानंतर, वाईची आवडावहिनी)