तुझा सिनेमा मी पाहिला

प्लेनो, टेक्सस,
सोमवार, १६ मार्च २०२६

प्रिय संग्राम,

ताईचे अनेक आशीर्वाद. तिथे फोन हातात देत नाहीत पण पत्रं पोचवतात, असं तुझ्या समुपदेशक बाई म्हणाल्या, म्हणून हा उद्योग. कॉलेजनंतर एवढं सलग मराठी लिहिलेलं नाही, तेव्हा अक्षराला हसू नकोस. आम्ही सगळे मजेत. उल्हासने मागच्या अंगणात मेथी पेरली आणि सशांनी ती फस्त केली. सईला गाडी शिकायचं परमिट मिळालंय. ती चालवते आणि मी शेजारी बसून नसलेला ब्रेक दाबत राहते. चँडलरला ऊन तापायला लागलं असेल ना? जेवण बरं असतं का?

तर सांगायचं म्हणजे, मी तुझा सिनेमा पाहिला. तोच, ब्रिटिश नशेबाज पोरांचा. ज्याचं पोस्टर तू नागपूरच्या खोलीत लावलं होतंस आणि आईने त्यावर कॅलेंडर टांगलं होतं. तीस वर्षं झाली म्हणून इथे थिएटरात पुन्हा लागला. इथल्या महाराष्ट्र मंडळाच्या ग्रुपवर सिद्धेशने टाकायचा अवकाश, चाळिशी उलटलेले सगळे बाप्ये हॉस्टेलवर असल्यासारखे तिकिटं काढत सुटले. मीही गेले. तुला समजून घ्यावं असं हल्ली फार वाटतं, आणि दोन तासांत काम होत असेल तर बरंच, असा माझा आळशी विचार.

खरं सांगू? मी हसले. पाच मिनिटांत पाय ताल धरायला लागला. पोरं घाणेरडी, खोटारडी, चोरटी, आणि तरी त्यांचा राग म्हणून येत नाही. तू म्हणायचास, "ताई, त्यात कोणी शहाणपण शिकवत नाही गं. मजा येते हेही सांगतात आणि मग काय होतं हेही." तेव्हा मी तुला वेड्यात काढलं होतं. आता पटलं. मग एका ठिकाणी तो हिरो घरच्यांशी गोड गोड बोलतो. ऑपरेशननंतर कितीतरी महिन्यांनी तू मला म्हणायचास ना, "खांदा ठणकतोय, म्हणून एकच गोळी घेतो," तोच चेहरा. तिथे माझं हसू आटलं. शेजारचे हसतच होते.

बाहेर लॉबीत सिद्धेश नुसता उसळत होता. "काय मूव्ही आहे यार! इतक्या वर्षांनी पण सेम किक! वहिनी, संग्रामला का नाही आणलं? त्याचा तर ऑल टाइम फेव्हरेट ना?"

त्या पडद्यावरच्या पोरावर सगळ्यांचा एवढा जीव जडला होता, की तुझं खरं तेव्हाच सांगून टाकायला हवं होतं. मी म्हणाले, "तो इंडियाला गेलाय. आई सीरियस आहे."

उल्हास माझ्याकडे बघतच राहिला. गाडीत म्हणाला, "मला कोणी विचारलं तर मी खोटं बोलणार नाही, रेणू." मी रेडिओ मोठा केला.

इथली माणसं फार चांगली आहेत रे, तीच तर पंचाईत. दुसऱ्या दिवसापासून डबे सुरू झाले. शोभनाकाकू, म्हणजे अख्ख्या मंडळाच्याच काकू, त्यांनी आमच्या घरी मृत्युंजयाचा जप ठरवला. सगळ्या जणींनी मिळून केला की आजारी माणसाला बळ येतं म्हणे. नाही कशी म्हणू? काल सकाळी हॉलमध्ये सतरंज्या अंथरल्या, मधोमध आईचा फोटो. त्याला हार घातला नाही हेच नशीब. काकूंनी हातावर पाणी घेऊन आईच्या नावाने संकल्प सोडला, आणि ठणठणीत आईसाठी मी डोळे मिटून जप करत बसले.

तेवढ्यात टॅब्लेट वाजला. आईचा रविवारचा व्हिडिओ कॉल. मी उठायच्या आत सईने घेतला. आई शतपावली करून आलेली, पायात सईने पाठवलेले बूट, घाम पुसतेय. काकू पुढे सरसावल्या. "अहो लताताई, उठलात कशाला? संग्राम आहे ना जवळ?"

आई म्हणाली, "संग्राम? तो तर तिकडेच आहे, ट्रेनिंगला. आणि मला काय धाड भरलीय?"

तिला मी ट्रेनिंगचं सांगितलं होतं, हे तुला ठाऊक आहे. मी टॅब्लेट ओढून घेतला, कॉल कट केला, आणि माझ्या तोंडून काय निघालं ते ऐक. "हल्ली तिला काही आठवत नाही हो, काकू."

आपली आई! जिला अजून सगळ्या मैत्रिणींचे फोन नंबर तोंडपाठ आहेत. कोणीतरी "अरेरे" केलं. काकूंनी माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि जप पुन्हा पहिल्यापासून सुरू केला. सई उभी राहिली, "वाव, मॉम," एवढंच म्हणाली आणि वर निघून गेली.

एवढं लिहूनही मी मुख्य गोष्ट टाळतेच आहे. संग्राम, डॉक्टरांनी घराजवळचंच व्यसनमुक्ती सेंटर सुचवलं होतं. घरचे येत-जात राहिले की माणूस सावरतो, असं म्हणाले होते. मी तुला सांगितलं की तिथे जागा नाही. जागा होती. पण त्याच रस्त्यावर मंडळाची मराठी शाळा भरते. म्हणून तुला पार ॲरिझोनात धाडलं, आणि विमानतळावर तू माझे आभार मानलेस. घरच्यांच्या भेटीच्या दिवशी ये म्हणालास, तर मी ऑफिसमध्ये नव्या सॉफ्टवेअरचा रिलीज आहे म्हणाले. कसलाही रिलीज नाही. चँडलरला ओळखीची घरं आहेत, एवढंच. मला तुझी लाज वाटत होती रे. आता स्वतःची इतकी वाटते की आरशापुढे उभं राहवत नाही.

त्या पोरावर लोक तीस वर्षं का जीव टाकतात, ते मला कळलंय. सिनेमा सुटला की त्याला कोणाला घरी न्यायचं नसतं. मलाही तसाच, लांबून आवडणारा भाऊ चालला असता.

संध्याकाळी आईला सगळं सांगितलं. तिने एवढंच विचारलं, "त्याला भेटायला कोण जातं?" कोणी नाही, म्हणाले. "मला आजारी पाडलंस त्याचं काही नाही," ती म्हणाली, "त्याला एकटं पाडलंस." आणि फोन ठेवला. याआधी तिने माझा फोन कधी असा ठेवला नव्हता.

मंडळातल्या बायकांना अजून सांगितलेलं नाही. पाडव्याला सगळ्या भेटतील तेव्हा सांगायचं ठरवलंय, पण माझा भरवसा नाही, म्हणून तुला शब्द देत नाही. शनिवारचं तिकीट मात्र काढलंय. सईही येतेय, "मामाला बघायचंय," म्हणाली. तू भेटायला नाही म्हणालास तर मुकाट परत येईन, रागावणार नाही.

दारावर विचारतील, कोणाला भेटायचंय, तुम्ही कोण. मागे कोणीही ओळखीचं उभं असलं तरी मी मोठ्याने सांगेन.

संग्रामची बहीण,
रेणू