तोट्यातला फ्लॅट

प्रिय दादा,

तू म्हणालास, "दुसरा फ्लॅट घे, भाड्याने दे. भाड्यापेक्षा कर्जाचं व्याज जास्त जाऊ दे. तोटा दाखव, कर वाचेल. पुढे भाव वाढले की चांदीच!" आम्ही घेतला. कर वाचला खरा, पण पदरचे गेले ते त्याच्या तिप्पट. ह्यांनी चहातली साखर सोडली आणि शेजाऱ्यांना सांगितलं, "मला मधुमेह झालाय."

यंदा हे निवृत्त झाले. पगार नाही म्हणजे कर नाही. उरला तो निव्वळ तोटा. त्यातच भाडेकरीण सोडून गेली, म्हणून आम्ही फ्लॅट झाडायला गेलो. हे बाल्कनीत बसले ते उठेचनात. "अगं, इथे वारा येतो!" आमच्या जुन्या घरी लग्नापासून खिडकीसमोर भिंतच.

शेवटी जुनं घर विकलं, कर्ज फेडलं आणि इथेच राहायला आलो. हे आता दुपारी बाल्कनीत मस्त घोरतात.

हे पत्र मात्र तुला पाठवणार नाही. वाचून म्हणशील, "बघ, सांगितलं नव्हतं?" आणि तिसरा फ्लॅट घ्यायला लावशील.

तुझी (आता शहाणी झालेली)
धाकटी बहीण