ताईची डावी किडनी

मी, वय वर्षे एकावन्न, धंदा शिलाई मशीन दुरुस्ती, शिक्षण सातवीपर्यंत शाळेत आणि पुढचे मशीन उघडून, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहितो. डोके ठिकाणावर आहे. बिघाड किडन्यांत आहे, ऑपरेशन बुधवारी.

१. राहत्या दोन खोल्या बायकोला. स्वयंपाकघरातला नळ उलटा फिरतो. तो मी बसवला, तिला सवय झाली आहे; कोणी सुधारू नये.

२. दुकान आणि अवजारे मुलीला. स्क्रूड्रायव्हर अकरा आहेत. बाराव्याचे शेजारच्या टेलरला विचारावे.

३. एक किडनी दिलेल्या बाईला पुढे बादलीसुद्धा उचलत नाही, हे याच टेलरने बायकोच्या डोक्यात भरवले, तिने माझ्या. त्यात माझा दुकानाचा नियम: चालत्या मशीनचा पार्ट काढून बंद मशीनला लावायचा नाही. म्हणून ताई, म्हणजे थोरली बहीण, आपली किडनी देते म्हणत असताना तिला सव्वादोन वर्षे नाही म्हटले आणि मयताच्या किडनीसाठी यादीत नाव लावून फोनची वाट पाहिली. दोनदा बोलावणे आले. दोन्ही वेळा किडनी दुसऱ्याला जुळली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, देणाऱ्याच्या जिवाला धोका दहा हजारांत दोघा-तिघांना. त्या तिघांत ताई नाही असे लिहून द्या, मी म्हणालो. त्या म्हणाल्या, "तसं लिहून देणारा डॉक्टर भेटला तर त्याच्याकडे जाऊ नका." तिथे माझा विश्वास बसला. वॉर्डात सहा वर्षांपूर्वी मुलाला किडनी दिलेली एक बाई भेटली. तिने पाण्याचा भरलेला जार माझ्यादेखत उचलला. वीस लिटरचा; मी छाप वाचला. मग ताईला हो म्हटले.

४. मी टेबलावरच गेलो, तर ताईची किडनी फुकट गेली असे कोणी म्हणू नये. म्हणणाऱ्याला माझ्या मयतीला उभे करू नये. माझे डोळे आणि जे काही चालू असेल ते गरजूंना द्यावे. बायको आधी नको म्हणत होती. आता तिने फॉर्मवर सही केली आहे.

५. मी जगलो आणि ताई गेली, तर

एवढे लिहून कागद दोन दिवस पडून होता. ताईने वाचला. म्हणाली, "बाळ्या, ते माझ्या मृत्युपत्रात येईल. तू तुझं लिही." कलम कोरे सोडले आहे.

६. ताईला काहीही ठेवलेले नाही. बदल्यात काही घेणार नाही असे तिने किडनी द्यायला परवानगी देणाऱ्या समितीपुढे सांगितले आहे. तिचा शब्द माझ्या कागदाने खोटा पडू नये. काही मिळणार नाही, म्हणूनच ती साक्षीदार चालते. वकिलाला विचारून घेतले.

ठिकाण: दुकानाचा काउंटर. अकरा तारीख, सोमवार, दुपारी सव्वातीन.

सही: मशीनवाला

साक्षीदार एक: शेजारचा टेलर. पहिली चुकल्याने सही दोनदा केली.

साक्षीदार दोन: थोरली बहीण. एकदाच.